हृदयाची कृत्रिम झडप : सहा दशकांचा हिशेब

सौंसर-पांढुर्ण्याकडील जुन्या मराठी घरांतून अजूनही एखादी शिसवी पेटी निघते. तीत मोडी कागदांची पुडकी, मालगुजारीच्या पावत्या, कुळांच्या याद्या आणि क्वचित एखादी वंशावळ सापडते. देवगडचे गोंड राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या अमलाखाली आले आणि त्यानंतर आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज जाम व कन्हान नद्यांच्या खोऱ्यांत स्थिरावले. हा इतिहास आपण कागदांवरून सांगू शकतो, कारण त्यांनी जमिनीचा हिशेब जपला. शरीराचा हिशेब मात्र कोणी लिहून ठेवला नाही. आजी कशाने गेली, असे विचारले तर ‘दम लागत असे’ एवढेच उत्तर मिळते. या ‘दम लागण्या’मागे पुष्कळदा हृदयाची आकसलेली झडप होती, हे आता मागे वळून पाहताना कळते.

प्रस्तुत टिपणात आम्ही त्या झडपेचा, म्हणजे निकामी झालेली झडप काढून तिच्या जागी कृत्रिम झडप बसविण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मांडीत आहोत. शस्त्रक्रिया कशी होते यापेक्षा तिच्यानंतर दहा, वीस, तीस वर्षांनी रुग्णाचे काय होते, हा आमच्या जिज्ञासेचा विषय आहे. आम्ही वैद्य नव्हे. शासकीय सेवेत आयुष्य गेल्याने नोंदवही वाचण्याची सवय तेवढी आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते आमच्या वहिनींमुळे. १९८६ साली मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांच्या हृदयात तबकडीची झडप बसविली गेली. रात्री घर निजले की त्यांच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू येई. लहान पुतणे कान लावून ऐकत आणि ‘काकूच्या पोटात घड्याळ आहे’ म्हणत. ते घड्याळ एकतीस वर्षे चालले. वहिनी २०१७ साली गेल्या त्या निराळ्या आजाराने. झडप तेव्हाही शाबूत होती.

या रोगाचे मूळ घशात असते. लहानपणी एका विशिष्ट जातीच्या जंतूंमुळे घसा सुजतो, ताप येतो आणि उतरतो. काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे, मनगटे आळीपाळीने सुजतात. आपल्याकडे त्यास संधिवाताचा ताप म्हणतात. सांध्यांची सूज जाते, खूण राहत नाही, घरचे विसरून जातात. परंतु जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती त्याच वेळी चुकून हृदयाच्या झडपांवरही वार करून गेलेली असते. त्या जखमा वर्षानुवर्षे चरत राहतात, झडपेच्या पाकळ्या जाड होतात, कडांना चिकटतात, आणि विशी-पंचविशीत, स्त्रियांच्या बाबतीत बहुधा पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणात, दम लागू लागतो. दाटीवाटीची घरे, अपुरे अन्न आणि औषधाची दूरवरची वाट ही या रोगाची खरी भूमी. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो जवळजवळ नाहीसा झाला, आपल्याकडे रेंगाळला.

झडप बदलण्यापूर्वीचा काळ झडप उघडण्याचा होता. लंडनच्या हेन्री सूटर यांनी १९२५ साली एका मुलीच्या हृदयात बोट घालून आकसलेली झडप मोकळी केली. मुलगी जगली, पण पुढे कोणी रुग्णच त्यांच्याकडे पाठविला नाही. १९४८ साली अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्केन यांनी हेच काम पुन्हा सुरू केले आणि मग ते जगभर पसरले. आपल्या देशात मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय व वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही या विद्येची आरंभीची केंद्रे होत. के.ई.एम.चे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तर फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे जगातील पहिल्या हृदयरोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, मानवी हृदयाचे रोपण केले. रुग्ण काही तासच जगला. तरीही त्या काळच्या साधनांनिशी एका महापालिकेच्या रुग्णालयात हे घडले, याचे आज आश्चर्य वाटते.

फुगलेली वा चुना साचून दगड झालेली झडप बोटाने उघडत नाही, ती बदलावीच लागते. १९५२ साली वॉशिंग्टनच्या चार्ल्स हफनागेल यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूची एक झडप हृदयाबाहेर, महाधमनीच्या खालच्या भागात बसविली. खऱ्या जागी झडप बसविता आली ती १९६० साली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात हार्केन यांनी महाधमनीच्या मुखाशी, तर नीना ब्राउनवाल्ड या शल्यविशारद स्त्रीने डाव्या बाजूच्या द्विदल झडपेच्या जागी कृत्रिम झडप बसविली. पण सर्वांत अधिक टिकलेले नाव पोर्टलंड शहरातील डॉ. आल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स यांचे आहे.

एडवर्ड्स हे निवृत्त अभियंते होते. साठीच्या घरात असताना ते तरुण स्टारकडे आले ते संपूर्ण कृत्रिम हृदय बनविण्याचा प्रस्ताव घेऊन. स्टार म्हणाले, आधी एक झडप बनवू. निवृत्तीनंतर माणूस काय करू शकतो, याचे हे उदाहरण आम्हां पेन्शनरांनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे. त्यांचा पहिला रुग्ण काही तासांतच दगावला. २१ सप्टेंबर १९६० रोजी फिलिप अमंडसन या बावन्न वर्षांच्या गृहस्थांवर दुसरी शस्त्रक्रिया झाली. हे गृहस्थ सुमारे दहा वर्षे जगले आणि घर रंगविताना शिडीवरून पडून गेले. दीर्घकालीन निष्पत्तीच्या इतिहासातले हे पहिले पान होय.

पिंजऱ्यातला चेंडू मोठा असे, रक्ताच्या वाटेत येई. म्हणून १९६९ साली एका बाजूस कलणाऱ्या तबकडीची ब्यॉर्क-शायली झडप आली, आणि १९७७ साली दोन अर्धवर्तुळाकार पाकळ्यांची सेंट ज्यूड झडप. आज जगभर बसविल्या जाणाऱ्या बहुतेक धातु-कार्बनच्या झडपा याच दुसऱ्या घाटाच्या आहेत. मधल्या काळात एक दुर्घटनाही घडली. ब्यॉर्क-शायलीच्या सुधारलेल्या बहिर्वक्र-अंतर्वक्र नमुन्यात तबकडीला धरून ठेवणारा धातूचा आकडा काही रुग्णांच्या छातीतच तुटला. असे झाले की तबकडी सुटून रक्तप्रवाहात जाई आणि बहुधा मृत्यू ओढवे. १९८६ साली तो नमुना बाजारातून काढून घेण्यात आला. तोवर जगभर सुमारे ८६ हजार झडपा बसल्या होत्या. त्यांपैकी सहाशेहून अधिक तुटल्याची नोंद आहे. कोणत्या माणसाच्या छातीत कोणत्या बनावटीची, कोणत्या मापाची झडप आहे, हे ज्यांच्या कागदावर होते त्यांना शोधून सावध करता आले. ज्यांचे कागद हरवले होते त्यांच्यापर्यंत इशारा पोहोचणे कठीण होते.

आपल्या देशाचा अध्याय त्रिवेंद्रमला लिहिला गेला. विदेशी झडपेची किंमत सामान्य घराला न पेलणारी होती, म्हणून श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियातन यांनी देशी झडप बनविण्याचे काम हाती घेतले. अभियंते जी. एस. भुवनेश्वर आणि त्यांचे सहकारी या कामात होते. राजघराण्याने दिलेल्या सॅटेलमंड राजवाड्यात प्रयोगशाळा उभी राहिली. पहिली तीन प्रारूपे कसोटीस उतरली नाहीत. मध्यंतरी कृत्रिम नीलमाची तबकडीही वापरून पाहिली गेली. माणसाचे हृदय वर्षाला साधारण पावणेचार कोटी वेळा उघडमीट करते, त्यामुळे जी वस्तू दोन वर्षांत झिजते ती निरुपयोगीच. चौथ्या प्रारूपात कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा सांगाडा आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची तबकडी आली, तेव्हा गणित जमले. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम माणसाच्या हृदयात बसली. पुढे चेन्नईच्या टी.टी.के. कंपनीने ती बाजारात आणली. आजवर एक लाखाहून अधिक चित्रा झडपा बसविल्या गेल्या आहेत. डॉ. वलियातन यांनी उत्तरायुष्यात चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या ग्रंथांचा अभ्यास केला. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले.

दुसरी जात प्राणिज झडपेची. डुकराच्या झडपेवर किंवा गाईगुरांच्या हृदयावरणाच्या पातळ चामड्यावर रासायनिक संस्कार करून ती बनवितात. १९६५ साली पॅरिसमध्ये तिचा आरंभ झाला आणि आलँ कार्पांतिये यांनी ग्लुटराल्डिहाइडच्या संस्काराने तिला टिकाऊपणा दिला. तिच्यात टिकटिक नाही आणि रक्त पातळ ठेवण्याची जन्मभराची गोळीही बहुधा लागत नाही. पण ती झिजते, आणि तरुण शरीरात अधिक लवकर झिजते.

मग दोहोंत श्रेष्ठ कोणती? या प्रश्नासाठी एडिंबरोत १९७५ ते १९७९ या काळात ५३३ रुग्णांना चिठ्ठी टाकावी तशी धातूची किंवा डुकराची झडप देण्यात आली आणि वीस वर्षे त्यांचा पाठपुरावा झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा : वीस वर्षांनी धातूच्या गटात २५ टक्के आणि प्राणिज गटात सुमारे २३ टक्के रुग्ण हयात होते, म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण झडप बिघडून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेले रुग्ण धातूच्या गटात २२ आणि प्राणिज गटात ९१ होते. उलट रक्तस्रावाचे प्रमाण धातूच्या गटात अधिक होते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या ५७५ जणांच्या अशाच अभ्यासात, महाधमनीची झडप बदललेल्यांपैकी पंधरा वर्षांत धातूच्या गटातील ६६ टक्के आणि प्राणिज गटातील ७९ टक्के मरण पावले. द्विदल झडपेच्या बाबतीत असा फरक दिसला नाही.

हे आकडे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. एडिंबरोच्या रुग्णांचे सरासरी वय चोपन्न होते, त्यामुळे वीस वर्षांनंतरच्या मृत्यूंत वार्धक्याचाही वाटा आहे. आपला प्रश्न मात्र वेगळा आहे. आफ्रिकेतील बारा देश, भारत आणि येमेन येथील ३,३४३ संधिवाती हृदयरुग्णांची एक मोठी नोंद २०१० पासून घेतली गेली. त्यांचे मध्यम वय अवघे २८ होते आणि तीनांपैकी दोन स्त्रिया होत्या. रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहूनही कमी रुग्णांचे रक्त योग्य मर्यादेत आढळले. चोपन्नाव्या वर्षी बसलेल्या झडपेने वीस वर्षे काढली तर तिचे काम झाले. अठ्ठाविसाव्या वर्षी बसलेलीला चाळीस काढावी लागतात. तरुणाला धातूची झडप देतात ती म्हणूनच, आणि त्याच्या गळ्यात जन्मभराची गोळी येते.

त्या गोळीची कुळकथा शेतकऱ्यांना रुचावी अशी आहे. १९२०-३०च्या दशकांत उत्तर अमेरिकेत कुजकी ‘स्वीट क्लोव्हर’ नावाची वैरण खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी न गोठणारे रक्त दुधाच्या कॅनमध्ये भरून हिमवादळातून कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारी पोहोचला. त्या वैरणीतल्या द्रव्यापासून पुढे वॉरफरिन बनले. १९४८ साली ते उंदीर मारण्यासाठी विकले जाई, १९५४ पासून ते माणसांचे औषध झाले. आपल्याकडे त्याचेच भावंड असलेले असेनोकुमरॉलही पुष्कळ वापरतात. मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी बसते, झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. मात्रा अधिक झाली तर रक्त थांबत नाही. या दोन दरडींमधून वाट काढण्यासाठी आय.एन.आर. नावाची रक्ततपासणी करतात. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. द्विदल जागी धातूची झडप असणाऱ्याचा तो बहुधा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान ठेवतात. तपासणीशिवाय घेता येणारी नवी औषधे आली आहेत, पण धातूच्या झडपेत ती चालत नाहीत. त्यांपैकी एकाची चाचणी तर मध्येच थांबवावी लागली आणि २०१३ साली तसे जाहीर झाले.

आपल्या भागात हा नियम पाळणे म्हणजे काय, ते वहिनींच्या संसारात आम्ही पाहिले. मेथी, पालक, चवळी या पालेभाज्यांतील जीवनसत्त्व ‘के’ गोळीच्या उलट काम करते. भाजी सोडायची नाही, पण आज परडीभर आणि मग महिनाभर नाही, असेही करायचे नाही. अंगदुखीची गोळी किंवा कोणाचा काढा विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. दात काढण्यापूर्वी झडपेची गोष्ट सांगायची, कारण तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, त्या दिवशी वहिनी माहेरच्या घराचे दार लावून बसत. दुसऱ्याला टाके घालून बरा होणारा घाव त्यांच्या जिवावर बेतला असता. आणि सर्वांत कठीण गोष्ट तरुण स्त्रियांची. ही गोळी गर्भाच्या पहिल्या महिन्यांत बाळाला इजा करू शकते, ती बंद केली तर आईच्या झडपेवर गुठळी होते. अशा मुलीने दिवस राहण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञांशी बोलले पाहिजे, आणि ही गोष्ट सासर-माहेर दोन्हीकडे उघड असली पाहिजे. आपल्या घरांत ती लपविली जाते, हे कटू असले तरी खरे आहे.

वहिनींचे तीन दशकांचे आयुष्य धातूने जितके तारले तितकेच एका वहीने तारले. आमचे दादा दर महिन्यास त्यांना सौंसरहून छोट्या गाडीने नागपुरास नेत. तारीख, तपासणीचा आकडा, गोळीची मात्रा, पुढची तारीख असे चार रकाने त्यांनी आखले होते. आरंभी अहवाल सेकंदांत येई, पुढे आय.एन.आर. आला, तेव्हा दादांनी पाचवा रकाना वाढविला. २०१५ साली रूळ रुंद करण्यासाठी ती गाडी बंद झाली आणि ते दोघे वृद्ध एस.टी.ने व खाजगी बसने जाऊ लागले. अशा चार वह्या भरल्या. शिसवी पेटीतल्या कागदांशेजारी त्या आता ठेवल्या आहेत.

दुसरी गोष्ट सांगणे आम्हांस जड जाते. नव्वदीच्या अखेरीस आम्ही एका कार्यालयात असताना चोवीस वर्षांच्या एका मुलाचा अर्ज आमच्या टेबलावर आला. झडप बदलण्यासाठी शासकीय मदत हवी होती. बाप शेतमजूर. आम्ही स्वतः त्रुटी काढून कागद पुरे केले, वरिष्ठांकडे धाव घेतली, मंजुरी आणली. शस्त्रक्रिया झाली. मुलगा पेढे घेऊन आला आणि आम्ही धारिका नस्तीबद्ध केली. सव्वा वर्षाने त्याचा बाप भेटला. मुलाला बरे वाटू लागले, संत्र्याच्या बागेत कामाला जाऊ लागला, तपासणीला गेले की दिवसाची मजुरी बुडे, म्हणून आधी तपासणी सुटली आणि मग गोळी. झडप अडकली. नागपूरच्या वाटेवरच तो गेला. बाप आम्हांला दोष देण्यास आला नव्हता, नमस्कार करण्यास आला होता.

आमच्या घरी चार रकान्यांची वही होती. त्या मुलाला ती दाखविण्याचे आम्हांला सुचले नाही. शस्त्रक्रियेच्या रकमेचा उपयोग-दाखला आम्ही मागितला, पण सहा महिन्यांनी गोळी कोठून आणतोस, हे विचारण्याचा रकाना अर्जात नव्हता आणि आम्हीही तो आखला नाही. झडपेच्या दीर्घकालीन निष्पत्तीचे निबंध वाचताना ‘पाठपुरावा सुटलेले रुग्ण’ असा एक आकडा येतो. त्या आकड्यात कोण असतात हे आम्हांला ठाऊक आहे.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, राजधानी नागपूरहून निघून भोपाळला गेली. आजाऱ्याची वाट मात्र नागपूरकडेच राहिली, आणि सीमा ओलांडताच एका राज्याची मदत दुसऱ्या राज्यात अडू लागली. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयांतही चालते, हा मोठाच फरक होय. छिंदवाड्यास २०१९ साली वैद्यकीय महाविद्यालय आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याकडून मोठ्या रुग्णालयाची अपेक्षा सर्वच करतील. आमची मागणी लहान आहे. दोन्ही तहसिलींच्या ठिकाणी आय.एन.आर. तपासणी आठवड्यातून दोन दिवस नेमाने व्हावी, गोळी तेथेच मिळावी, आणि झडप बसविलेल्या प्रत्येकाचे नाव एका नोंदवहीत असावे. जो महिनाभर आला नाही त्याच्या घरी आशा कार्यकर्तीने जाऊन यावे. त्याहूनही आधी, घसा सुजून ताप आलेल्या मुलाला वेळीच पेनिसिलिन मिळावे, आणि ज्याला संधिवाताचा ताप येऊन गेला त्याला दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन चुकू नये. हे झाले तर पुढची झडप बसविण्याची वेळच येणार नाही.

आपल्या मंडळाच्या सभासदांनीही एक काम करावे. घरात, शेजारी, शेतावर कामास येणाऱ्यांत अशी झडप असलेले कोणी असेल, तर त्यास एक वही आखून द्यावी. पहिल्या पानावर झडपेचे नाव, माप, बसविल्याची तारीख आणि रुग्णालय लिहावे, पुढे दादांचे रकाने. लिहिता येत नसेल त्याच्यासाठी आपण लिहावे. दादांच्या चौथ्या वहीत शेवटच्या नोंदीखाली अर्धे पान कोरे आहे. त्या रकान्यांची नक्कल आम्ही करून ठेवली आहे, ज्यांना हवी असेल त्यांनी घरून घेऊन जावी.